मूर्तीमागचे नाणे

९ एप्रिल

जी करुणा दारात आलेल्याला त्याचे कूळ विचारीत नाही, त्या करुणेच्या शास्त्याला, त्याने दाखविलेल्या धम्माला आणि त्या वाटेने चालत आलेल्या संघाला वहीच्या या पहिल्या ओळीत वंदन. लेखणी खरे लिहो. आणि जे मला दिसत नाही तेही तिच्या हातून निसटून कागदावर उतरो.

विषय लहान आहे. एका मुलीसाठी एक प्राचीन नाणे विकत घ्यावयाचे आहे.

मुलगी विजयश्री, आम्ही विजू म्हणतो, वय नऊ. फेब्रुवारीत आमच्या मुलाने, नागसेनने, भाग्यश्रीशी विवाह केला. दोघे चाकणच्या एकाच कंपनीत आहेत. भाग्यश्रीचे पहिले यजमान अपघातात गेले. विजू त्यांची मुलगी. वडील गेल्यावर ती लातूरला आजीकडे राहिली, मग आईबरोबर रावेतला मामाकडे, आणि आता आमच्याकडे निगडीला.

मुलगी विलक्षण आहे. केसरबाईने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तिच्यासाठी कपाटाचा एक कप्पा मोकळा करून दिला. तो अजून मोकळाच आहे. तिचे कपडे एका निळ्या पिशवीत असतात. धुऊन वाळले की घडी घालून पुन्हा पिशवीत. पिशवी पलंगाखाली, बंद तोंड बाहेरच्या बाजूस. चीवर आणि पात्र घेऊन निघणाऱ्या भिक्खूची आठवण व्हावी असा हा अल्पपरिग्रह. पूर्वसंस्काराशिवाय या वयात अशी वृत्ती येत नाही.

ती मला कोणत्याच नावाने हाक मारीत नाही. जवळ येऊन उभी राहते. मी वर पाहिले की बोलते. संकोची स्वभाव असावा.

आज सायंवंदनेनंतर मी तिला श्रावस्तीच्या त्या दानी श्रेष्ठीची कथा सांगितली. बुद्धासाठी वन हवे होते. मालक राजकुमार म्हणाला, जमीन नाण्यांनी झाकशील तर देईन. श्रेष्ठीने गाड्या भरून नाणी आणली आणि कडेला कड लावून अंथरली. शेवटी थोडी जागा उघडी राहिली. राजकुमार म्हणाला, तेवढी राहू दे, ती माझ्याकडून. आणि त्या जागेवर त्याने वनाचे द्वार उभारले.

विजूने विचारले, "ती नाणी आता कुठं आहेत?"

"काळाने पसरली. काही मातीत, काही संग्रहालयांत."

"म्हणजे दाखवता येत नाहीत. मग गोष्ट खरी कशावरून?"

नागसेन रात्रीच्या शिफ्टला निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता तो हसला. "बाबा, तुमच्या तीस वर्षांच्या पाली वाचनाला पोरीनं एका वाक्यात गप्प केलं!"

मी म्हणालो, "वैशाख पौर्णिमेला त्या जुन्या जगातले एक नाणे तुझ्या हातावर ठेवीन."

"खरं?"

"खरे."

"खरंच खरं? आणि ते माझ्याकडं राहणार?"

"तुझ्याकडेच."

"किती दिवस?"

मला हसू आले. शतके टिकलेल्या वस्तूविषयी हा प्रश्न! चिकित्सक बुद्धी. जोपासली पाहिजे.

१४ एप्रिल

जयंतीनिमित्त पिंपरीला जाऊन अभिवादन केले. पुस्तकांच्या दुकानांमागे एक हातगाडी होती. लाल कापडावर नाणी मांडलेली.

"या बाबा, तथागतांच्या काळातलं ओरिजिनल. गयेवरनं मागवलंय."

हातात घेतले. ध्यानस्थ बुद्ध, खाली कमळ, आणि कमळाखाली चक्क देवनागरीत 'बुद्ध'.

मी म्हणालो, "भाऊ, ज्या काळचे हे म्हणता, त्या काळी ही अक्षरे नव्हती आणि बुद्धाची मूर्ती घडविण्याची रीतही नव्हती. तेव्हाच्या नाण्यांवर ठसे असत. सूर्य, डोंगर, झाड, असे."

तो इकडेतिकडे पाहून कुजबुजला, "बाबा, तुम्ही नका घेऊ, पण जरा हळू बोला की राव. गर्दीचा दिवस हाय." मग गाडीच्या दांडीला टाचलेला एक निळा बिल्ला काढून त्याने माझ्या सदऱ्याला लावला. "हा घ्या. हा तरी ओरिजिनल हाय. जय भीम."

राग येण्याऐवजी हसतच घरी आलो. बिल्ला विजूला दिला. तिने तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

१७ एप्रिल

मनात शंका आहे, ती लिहून ठेवतो. भिक्खूला सोन्यारुप्याचा स्पर्शही वर्ज्य. मी गृहस्थ आहे, मला तो नियम नाही. पण ज्याने सर्व सोडावयास सांगितले त्याची खूण म्हणून मुलीच्या हाती धन द्यावे, यात विसंगती नाही काय? की हे सारे मुलीसाठी नसून, माझ्या वाचनाला मिळालेल्या एका श्रोत्यासाठी आहे?

केसरबाईला विचारले. ती शेंगा सोलत होती.

"पोरीला सायकल आना. नान्याचं ती काय करल?"

"त्यातून तिला ज्ञान मिळेल."

"ग्यान लई हाय तुमच्यापाशी. तिच्या कप्प्यात काय न्हाई ते बगा आदी."

तिचे म्हणणे रास्त होते. मुलीचे कपडे थोडे आहेत. भाग्यश्रीला दोन नवे फ्रॉक घेण्याविषयी सुचविले. भाग्यश्री म्हणाली, "बाबा, आहेत की. ती काढतच नाही बाहेर."

अल्पेच्छता, दुसरे काय.

२२ एप्रिल

सांगवीला गेलो. विहारातील एका उपासकाने शालनबाईंचे दुकान सांगितले होते. खोली अरुंद, काचेची कपाटे, भिंतीवर चौकटीत सरकारी परवाना आणि त्याखाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही नेहमीची पाटी. शालनबाई साठीच्या, चष्म्यावर आणखी एक भिंग चढविलेल्या.

"काय दाखवू काका? चांदीचं आहत नाणं आहे, ठसे मारलेलं, पार बुद्धाच्या जवळपासचं. पण किंमत ऐकून घाम फुटेल."

"मग आधी पंखा लावा," मी म्हणालो.

त्या खळखळून हसल्या आणि पंखा लावला. किंमत ऐकली. पंखा अपुरा पडला.

"कुणासाठी हवंय?"

"नातीसाठी." हा शब्द मी घराबाहेर प्रथमच उच्चारला.

त्यांनी खालचा खण ओढला. "मग हे न्या. सातवाहनांचं, तांब्याचं. ही बरीच सापडतात म्हणून परवडतात. स्वस्त आहे म्हणून खोटं समजू नका."

करंगळीच्या नखाहून थोडे मोठे, कडा वेड्यावाकड्या. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती, अर्धा नाण्यावर, अर्धा नाण्याबाहेर. दुसऱ्या बाजूस अधिकचे चिन्ह आणि त्याच्या चार टोकांना चार वर्तुळे. सर्वांगावर गर्द हिरवी झाक.

"ठसा मध्यभागी नाही," मी म्हणालो.

"हातानं घाव घालून पाडलंय. ओतलेल्या नकलेला कडेला जोड दिसतो, ह्याला बघा, नाही. आणि ही हिरवी कातडी म्हणजे ह्याचं वय. नखानं निघत नाही. काका, एक सांगते, हे कधी घासू नका. घासलं की शौकिनाच्या लेखी संपलं."

हे बुद्धाच्या काळचे नव्हे, त्यानंतरच्या शतकांतले. परंतु घोरावडेश्वराच्या डोंगरात ज्यांनी भिक्खूंसाठी लेणी कोरविली, त्या जगातले. लोणावळ्याच्या गाडीतून जो डोंगर विजूला दाखवता येतो, त्याच्या पायथ्याशी असे एखादे नाणे कोणाच्या कनवटीला असेल. मन भरून आले. शालनबाईंनी पावती करून दिली आणि नाणे कापसात गुंडाळून डबीत घातले.

२३ एप्रिल

दोन खोल्यांच्या घरात लहान मुलापासून काही लपविणे कठीण. डबी कपाटात ठेवली तर विजू पुस्तके घेताना पाहील. शेवटी नाणे डबीतून काढून पितळी बुद्धमूर्तीच्या मागे, वंदनेच्या फळीच्या कोपऱ्यात ठेवले. त्या जागेला केसरबाईवाचून कोणी हात लावीत नाही. शिवाय, त्याहून सुरक्षित सान्निध्य कोणते?

३ मे

विजूच्या हातून कप फुटला. तिने तुकडे गोळा करून कागदात बांधले आणि ते घेऊन केसरबाईपुढे उभी राहिली. "आता?"

"आता काय? दुसऱ्या कपात च्या."

"नाही, पण आता काय होणार?"

"च्या गार व्हनार. पी."

विजू बराच वेळ केसरबाईकडे पाहत राहिली. कार्यकारणभावाचा असा पाठपुरावा मोठ्यांतही दुर्मिळ.

१० मे

आज माझ्या हातून अपराध घडला. क्रमाने लिहितो.

वैशाख पौर्णिमेपूर्वी घरातील सर्व तांबे-पितळ चिंचेने घासून उजळ झालेच पाहिजे, हा या घरातील नियम माझा आहे. समईच्या खोबणीत काळा डाग राहिला तरी मी केसरबाईला दाखवीत आलो. यंदा तिचे मनगट दुखते, म्हणून तिने फळी विजूवर सोपविली. "लई खूश झाली," केसरबाई नंतर म्हणाली. "गुनगुनत घाशीत हुती."

मी पौर्णिमेच्या तयारीसाठी विहारात गेलो होतो. परतलो तर मूर्ती झळाळत होती, समई झळाळत होती, आणि मूर्तीच्या पुढ्यात, अगदी मध्यभागी, एक लालभडक तांब्याची चकती.

"बघा ना!" विजू म्हणाली. मी वर पाहण्याची वाट न पाहता ती बोलली, हे मला आत्ता लिहिताना जाणवते आहे. "हे मागं पडलं होतं. सगळ्यांत काळं हेच होतं. ह्याला दोनदा चिंच लावली."

तिची बोटे चिंचेने सुरकुतलेली होती. ती मी पाहिली नाहीत. मी नाणे पाहिले.

"अरेरे! हे काय केलेस? हे तुझ्यासाठी आणलेले नाणे! शतकांची झाक होती त्यावर. सगळे गेले."

तिने हात पाठीमागे नेले. मी नाणे घेऊन खिडकीपाशी गेलो, चष्मा बदलला, उलटे केले, सुलटे केले. त्या हिरव्या रंगाचा कणही उरला नव्हता. किती वेळ त्यात गेला मला ठाऊक नाही. केसरबाईच्या आवाजाने भानावर आलो.

"अहो, पोर कुठं हाय?"

पलंगाखाली पिशवी नव्हती.

विजू खालच्या जिन्यावर होती. पायात बूट, मांडीवर पिशवी, शेजारी दप्तर.

मी विचारले, "कुठे निघालीस?"

"मम्मी येऊ दे शिफ्टवरून. मग आम्ही जाऊ." ती रडत नव्हती. बसची वाट पाहणाऱ्या माणसासारखी बसली होती. "पौर्णिमेच्या आधी जायचं का नंतर?"

केसरबाई गुडघ्यावर हात टेकीत तिच्या शेजारी पायरीवर बसली. "मला भूक लागलीया," ती विजूला म्हणाली. "तू न्हाई आलीस तर भाकरी कोन मोजल? वर चल." आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवून जिना चढू लागली. विजू तिच्या मागोमाग गेली. पिशवीच्या मागे गेली, म्हणणे अधिक खरे.

जेवणानंतर केसरबाई माझ्यापाशी आली. "भिक्खू म्हनता तुम्ही तिला. भिक्खू न्हाई ती. पिशवी भरून बसलीया, कवा घालवत्यात म्हनून. आल्या दिसापास्नं. मी सांगितलं हुतं तुमास्नी, कप्पा बगा."

पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या प्रवचनांतून मी किती वर्षे करुणेवर बोललो! आणि माझ्या पलंगाखालची पिशवी मला वाचता आली नाही.

११ मे

विजू सकाळी समोर येऊन उभी राहिली. मी वर पाहिले.

"ते नाणं दुकानात परत देऊ. मी येते."

मी होकार दिला. नाणे परत देण्याचा विचार नव्हता. पण तिला जे विचारावयाचे होते ते दुकानातच विचारू द्यावे, असे वाटले.

शालनबाईंनी नाणे भिंगाखाली धरले आणि कपाळावर हात मारून घेतला. "कुणी घासलं?"

"मी," विजू म्हणाली. "चिंचेनं."

"अगं बाई! दोन हजार वर्षांत ह्याला कुणी आंघोळ घातली नव्हती, ती तू घातलीस."

"आता ते खोटं झालं?"

शालनबाईंनी तिला स्टुलावर चढविले आणि भिंग हाती दिले. "तूच बघ. हत्ती आहे?"

"आहे. सोंड पण आहे. आणि त्याला... शेपूट आहे."

"शेपूट मलाही दिसली नव्हती बघ. वजन तेच, ठसा तोच. खोटं कसं होईल? रंग गेला. शौकीन लोक आता ह्याला विचारणार नाहीत, ते मात्र खरं. तुला उगाच गोड सांगत नाही."

"मग तुम्ही परत घ्या." विजूने माझ्याकडे बोट केले. "ह्यांचे पैसे ह्यांना द्या."

शालनबाईंनी भिंतीकडे बोट केले. विजूने पाटी मोठ्याने वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली.

"खराब केलं तरी?"

"खराब केलं, हरवलं, नाहीतर समुद्रात टाकलं तरी. एकदा इथून ज्याच्या घरी गेलं, ते त्या घरचं. कटकट नाही. काय हो काका?"

"हो," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये वाहक आला. मी खिसा चाचपीत होतो. विजू म्हणाली, "एक हाफ. आणि एक आजोबांचं." तो शब्द मला उद्देशून नव्हता, तरी माझ्यापर्यंत पोहोचला. मी सुटे पैसे मोजताना दोनदा चुकलो.

ती खिडकीबाहेर पाहत होती. मग काचेकडेच तोंड ठेवून म्हणाली, "ती पाटी सगळ्या दुकानांत असते?"

"बहुतेक."

"घरात नसते."

इतक्या वर्षांच्या पाठांतरातून एकही ओळ धावून आली नाही. जे सुचले ते बोललो. "दुकानात लावावी लागते, तिथे लोक परत द्यायला येतात. आपल्या घरी कोणी कोणाला परत दिलेले नाही, म्हणून पाटी लावायचे कधी सुचले नाही."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काल तुम्ही ओरडलात."

"ओरडलो. चुकलो. पुढेही कधी ओरडेन. तरीही पाटी तीच."

तिने मान हलविली. एखादा व्यवहार समजून घेऊन मान्य करावा, तशी.

१२ मे, वैशाख पौर्णिमा

पहाटे वंदना झाली. नागसेन आणि भाग्यश्री दोघांनी रजा घेतली होती. मी नाणे विजूच्या तळहातावर ठेवले. तिने मुठीत धरले, उघडले, हत्तीची शेपूट आईला दाखविली. मग उठून ते मूर्तीच्या मागे, फळीच्या त्याच कोपऱ्यात ठेवून आली.

"अगं, तुझे आहे ते," मी म्हणालो.

"माहितीये. इथंच राहू दे. पुढच्या वर्षी पण फळी मीच करणार."

"ते मात्र घासायचे नाही."

"नुसतं पुसणार. आजोबा, एवढं कळतं मला."

नागसेनने माझ्या ओल्या डोळ्यांकडे पाहिले आणि पाहून न पाहिल्यासारखे केले. पोराचे हे सौजन्य माझ्या कायम स्मरणात राहील.

दुपारी केसरबाईने कपाट उघडले आणि मला हाक मारली. खालच्या कप्प्यात फ्रॉक, शाळेचा गणवेश, निळा बिल्ला. दाराच्या आतल्या बाजूस चिकटपट्टीने लावलेला वहीचा कागद, त्यावर रंगीत पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी.

"काय लिवलंय?"

"परत घेतले जाणार नाही. परत दिले जाणार नाही."

"कुनाला?"

"ते लिहिलेले नाही."

"मंग बराबर हाय. समद्यांनाच लागू." तिने कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. "चिकटपट्टी टिकत न्हाई. खिळा ठोका."

खिळा ठोकला. निळी पिशवी संध्याकाळी केसरबाईने बाजारात नेली. मेथी आणि कांदे भरून आली.

आज त्या वनाच्या कथेकडे पुन्हा वळलो. नाण्यांनी झाकलेली सारी भूमी मी आजवर वर्णन करीत आलो. परंतु लोक ज्यातून आत आले ते द्वार, जेथे नाणी पोहोचली नाहीत, त्या तुकड्यावर उभे राहिले होते. कथा ठाऊक होती. आज ती समजली.

ही वही पुढे कोणाच्या हाती पडो वा न पडो. जे वाचतील त्यांचे मंगल असो. ज्यांची पिशवी अजून भरलेली आहे, त्यांना ती रिकामी करावी असे घर लाभो. ज्यांचा कप्पा रिकामा आहे, त्यांच्याकडे कोणी राहावयास येवो. आणि ज्यांच्या हातून झाक पुसली गेली, त्यांना खालचा हत्ती शेपटीसकट दिसो. सर्व प्राणी निर्भय होवोत.